केदारला सोडून

केदारनाथ ज्या दिवशी गेला, त्याच दिवशी त्याच्या आईला येशू मिळाला. रुद्रप्पांनी ही गोष्ट देवाला मरेपर्यंत माफ केली नाही.

माजलगावच्या बाजारात रुद्रप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. लिंगायत घर, सगळं रीतीचं. सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय घरात कुणी चहासुद्धा घ्यायचं नाही. थोरला संगमेश्वर वडिलांसारखा मोजकं बोलणारा. धाकटा केदारनाथ मात्र दुकानात असला की आंदणाची भांडी घ्यायला आलेल्या बायका विनाकारण रेंगाळायच्या, इतका तो बोलका. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. उसाचा हंगाम जोरात होता. गेवराईहून मोटारसायकलवर परत येताना रस्त्याकडेला उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो मागून आदळला. ट्रॉलीला दिवा नव्हता, साधं लाल फडकंसुद्धा बांधलेलं नव्हतं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तो काही दिवस होता, पण शुद्धीवर आला नाही. त्याच्या उशाशी तोवर बरंच काही जमलं होतं. बेलाची पानं, महाराजांनी दिलेली विभूती, कुणी आणून दिलेला दर्ग्याचा दोरा. सत्यशीला नावाची एक वयस्क नर्स होती. ती एका दुपारी सलाईन बदलता बदलता हळूच म्हणाली, "ताई, प्रार्थना करू का पोरासाठी?" केदारच्या आईनं, उमाबाईंनी मान हलवली. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती. नर्सनं केदारच्या कपाळावर हात ठेवला, येशूचं नाव घेऊन चार वाक्यं बोलली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदार गेला.

उमाबाई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि मग ते आलं. त्या पुढं कितीदा सांगायच्या, पण तेच शब्द यायचे. "पाण्यात बुडणाऱ्याला कुणीतरी खालून हात घालून वर धरावं, तसं. मी मागितलं न्हवतं. मी पोरगं मागितलं होतं."

रुद्रप्पा त्यावर एकदाच बोलले. "पोराला आणायला गेलतो, आन देव घेऊन आलो. आसला सौदा मी दुकानात कधी केला न्हाई."

धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या एका लांब खोलीत रविवारी उपासना भरायची. सत्यम नावाचा तरुण पास्टर ती चालवायचा. तलवाड्याचा, ऊसतोड्याच्या घरातला, बोलायला सरळ. उमाबाई तिथं जायला लागल्या. वर्षभरानं त्यांनी एका सकाळी गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि नवऱ्यापुढं पाटावर ठेवलं. रुद्रप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी ते उचललं आणि आपल्या लिंगाशेजारी तळहातावर ठेवलं.

"तुझ्या वाटची पूजा मी करतो," ते म्हणाले. "फकस्त तू तुझ्या देवापाशी माझ्या वाटचं बोलू नको."

भावकीत कुजबुज झाली. पुतणे समजावायला आले. रुद्रप्पा त्यांना म्हणाले, "बाई घरातच हाय. कुठं गेलेली न्हाई." तेवढ्यावर विषय मिटला. रोज सकाळी ते दोन लिंगांची पूजा करायचे, आणि उमाबाई स्वयंपाकघरात, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांच्याच वाटचं बोलायच्या.

अशी काही वर्षं गेली. सत्यम पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि एक नवी शिकवण सांगू लागला. नवी नव्हती, शास्त्रातलीच होती, पण त्या खोलीत ती अशी उघडपणे कुणी मांडली नव्हती. माणूस देवाला निवडत नाही, देव माणसाला निवडतो. जग व्हायच्या आधीच त्यानं आपली माणसं निवडून ठेवली. शास्त्रातल्या गोष्टीतली जुळी पोरं आईच्या पोटात होती, बरं-वाईट काही केलेलं नव्हतं, तेव्हाच त्यानं एक घेतलं आणि एक सोडलं. "कबरीतला मेलेला माणूस हाक ऐकून उठला, तर उठण्यात त्याची काय करामत?" सत्यम म्हणाला. "हाक मारणाराची करामत."

काही जणांना ते जड गेलं. उमाबाईंना वाटलं, हा माझीच गोष्ट सांगतोय. व्हरांड्यात जे झालं ते त्यांना आजवर कुणालाच नीट समजावता आलं नव्हतं. आता त्याला नाव मिळालं. पाचवी शिकलेली, मोजमापात चुकणारी, चारचौघांत गप्प बसणारी आपण, आणि देवानं आपल्याला डोंगर-नद्या व्हायच्या आधी हेरून ठेवलं होतं! त्या दिवशी त्यांनी रुद्रप्पांना वाढता वाढता हे सगळं सांगून टाकलं. तोंड उजळलं होतं.

रुद्रप्पांनी घास खाली ठेवला. "आन केदार?"

उमाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"मी भांड्यावर नाव घालतो ते गिऱ्हाईक सांगंल ते घालतो," रुद्रप्पा म्हणाले. "तुझा देव कोणाला विचारून घालतो? केदारचं नाव काहून राहिलं? जागा न्हवती का?"

पुढच्या रविवारी उमाबाईंनी सत्यमला गाठलं. "केदारचं काय?"

सत्यमनं मान खाली घातली. "काकू, ते देवाच्या हातात हाय. आपण त्याचा निवाडा करायचा न्हाई."

"त्यानं तर नावबी ऐकलं न्हवतं. फकस्त ती सिस्टर बोलली तेवढंच. ऐकू जात असंल का बेशुद्धीत?"

"जात असंल," सत्यम म्हणाला. पण 'असंल' म्हणताना त्याचा आवाज बसला, ते उमाबाईंच्या ध्यानात राहिलं. तरी तेवढ्या 'असंल'वर त्या पुढं जगत राहिल्या.

मग रुद्रप्पांचं पोट फुगू लागलं, डोळे पिवळे झाले. लिव्हरचा कॅन्सर. डॉक्टरांनी संगमेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच न्या. वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत त्यांची खाट टाकली. खालून दिवसभर भांड्यांचे आवाज यायचे. कुठली परात पडली, कुठला डबा उघडला, हे रुद्रप्पा पडल्या पडल्या ओळखायचे. पूजा मात्र चुकली नाही. उठून बसता येईना तेव्हा संगमेश्वर त्यांना मागून धरायचा आणि ते तळहातावर दोन्ही लिंगं घेऊन डोळे मिटायचे.

सत्यम भेटायला आला. उमाबाईंनीच बोलावलं होतं. संगमेश्वर नाराज होऊन खाली निघून गेला.

"आप्पा, एक विचारू का?" सत्यम म्हणाला.

"तू न्हाई. मी इचारतो." रुद्रप्पांना दम लागत होता, पण नजर दुकानात असायची तशीच होती. "तुझ्या देवानं मला निवडलंय का?"

"ते मला कसं कळणार?"

"मग आलास कशाला बे?"

"सांगायचं काम माझं. त्यानं निवडलं असंल तर तुमाला आतून ऐकू येईल."

"आन आलं, तर न्हाई म्हणता येतं का?"

सत्यमला 'येतं' म्हणून टाकता आलं असतं. पण तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, आणि आपण शिकवतो ते त्याला मनापासून पटलं होतं. "न्हाई आप्पा. ज्याला तो बोलावतो तो जातोच. बळजबरी न्हाई करत तो. माणसाचं मनच बदलतो. मग माणूस आपल्या खुशीनं जातो."

"बैलबी चाऱ्याच्या वासाला खुशीनंच गोठ्यात जातो," रुद्रप्पा म्हणाले. मग थकून कूस बदलली. "पाणी दे रं पोरा. बोल पुढं, तुला बोलायचं ते बोल. ऐकतो."

सत्यमनं पाणी पाजलं. अर्धा तास तो येशूबद्दल बोलत राहिला, वधस्तंभावरच्या मरणाबद्दल, उघड्या थडग्याबद्दल. रुद्रप्पांनी खरंच ऐकलं. शेवटी हात जोडले आणि म्हणाले, "चांगला बोलतोस."

नंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. खाली एका लग्नघरची माणसं रुखवताची भांडी निवडत होती, हंडे ठोकून बघत होती. उमाबाई ओल्या फडक्यानं रुद्रप्पांचे पाय पुसत होत्या.

"दार लोटून घे," रुद्रप्पा म्हणाले.

त्यांनी दार लोटलं.

"तुला व्हरांड्यात जे आलतं ना. ते मला आलतं. काल, ह्याच वक्ताला."

उमाबाईंच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"तू सांगायचीस तसंच. खालून हात घातल्यासारखं. दुखायचं थांबलं. वाटलं, ह्याला सोडूच नये. इतकं बरं मला आईजवळबी वाटलं नसंल. तू खोटं बोलत न्हवतीस, उमा. मला इतकी वर्सं वाटायचं, दुःखानं तुझं डोकं फिरलंय. न्हाई. कुणीतरी हाय."

उमाबाई खाटेवर डोकं टेकून रडू लागल्या. इतक्या वर्षांचं स्वयंपाकघरातलं पुटपुटणं ऐकलं गेलं होतं. "प्रभू, प्रभू," एवढंच त्यांच्या तोंडून येत होतं.

"पुरतं ऐक," रुद्रप्पा म्हणाले. "मी त्याला म्हटलं, केदारला घेऊन ये."

उमाबाईंनी मान वर केली.

"म्हटलं, पोरगं तुझ्यापाशी असंल तर दाखव, मी आत्ता येतो. नसंल, तर त्याला घेऊन ये, मग दोघं येतो. त्याला सोडून मी येणार न्हाई."

"मग?"

"मग ते गेलं."

खाली कुणीतरी हंड्यावर टिचकी मारली.

"आवो, असं काय केलंत तुमी!" उमाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "केदार तिथंच असंल की! त्या सिस्टरनं त्याच्यासाठी..."

"असंल का हाय? शपथ घे."

त्यांना शपथ घेता आली नाही.

"तुझ्या पास्टरलाबी घेता येत न्हाई. त्याच्या तोंडावर बघितलं मी. चांगलं पोरगं हाय, खोटं बोलता येत न्हाई त्याला." रुद्रप्पांनी श्वास गोळा केला. "केदार कुठं हाय मला ठावं न्हाई. पण जिथं असंल तिथं एकटा हाय. त्या रस्त्यावरबी एकटाच पडलता, किती वेळ, कुणाला म्हाईत. आता परत एकटा न्हाई पडणार."

"तिथं यातना असल्या तर?"

"मग तर जायालाच पायजे."

"आन मी?" उमाबाईंचा आवाज फुटला. "मला एकटीला तिकडं धाडता? तुमी दोघं एकीकडं आन मी..."

रुद्रप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. पिवळ्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला तुझा देव हाय. केदारला कुणी न्हाई. मी काय करू, सांग."

उमाबाईंनी पुढचे दिवस नुसत्या विनवण्या केल्या. परत मागा, एकदा हाक मारा, नुसतं हो म्हणा. रुद्रप्पा त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे, कधी 'बरं' असंही म्हणायचे, पण उमाबाईंना त्या 'बरं'चा अर्थ माहीत होता. रोज दुपारी त्या विचारायच्या, "आलं का परत?" रुद्रप्पा मान हलवायचे. न्हाई.

एका सकाळी संगमेश्वर चमच्यानं पाणी पाजत असताना ते ओठाबाहेर ओघळलं, आणि संगमेश्वरनं आईला हाक मारली.

सगळं रीतीनं झालं. स्वामी आले. रुद्रप्पांना आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, बसतं करून पालखीसारख्या फुलांच्या विमानात ठेवलं. डाव्या हातात त्यांचं इष्टलिंग ठेवलं. दुसरं लिंग कुणाचं, असं स्वामींनी विचारलं तेव्हा सगळ्यांची नजर उमाबाईंकडं गेली. संगमेश्वरनं पुढं होऊन ते घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. उमाबाई पायरीवर उभ्या होत्या. बायका त्यांना धरून रडत होत्या, 'शिवाकडं गेला माणूस, पुण्यवान होता' म्हणत होत्या. त्या बायकांना निदान पत्ता तरी माहीत होता. उमाबाईंना तोही नव्हता.

दिवस पार पडल्यावर त्या सत्यमकडं गेल्या. खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, तो सतरंज्या घड्या करत होता. उमाबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अगदी हंड्यावरच्या टिचकीसकट. मग विचारलं, "तुमी म्हणालात, ज्याला तो बोलावतो तो जातोच. ह्यांना बोलावलं होतं. हे गेले न्हाईत. आता सांगा."

सत्यम घडी घालायचा थांबला. "कधी कधी काकू, आजारात माणसाला भास..."

"माझ्याबी वेळेला भासच होता का मग?"

त्यानं हातातली सतरंजी खाली ठेवली.

"ते खोटं बोलणारे न्हवते. न्हाई म्हणाले म्हंजे त्यांना निवडलंच न्हवतं, असं तुमचं शास्त्र म्हणणार. मग आलं ते कोण होतं? आन निवडलं होतं तर हे सुटले कसे? दोनातलं एक सांगा. मला वाचता येत न्हाई तेवढं, तुमी शिकलेले."

सत्यम सतरंजीवर बसला. तो चाळिशीचाही नव्हता, पण त्या दिवशी म्हातारा दिसत होता. "मला सांगता येईना, काकू. मी दोन्ही बाजूंनी वाचलंय. माझे आईवडील उसाच्या फडात मेले, मी विश्वास ठेवायच्या आधी. मी ही शिकवण धरली ती..." तो अडखळला. "सगळं देवाच्या हातात म्हटलं की त्यांना सांगायचं माझ्या हातून राहिलं असं वाटत न्हाई. म्हणून धरली."

उमाबाई त्याच्याशेजारी बसल्या. राग आला होता, पण तो ह्याच्यावर काढावा असं आता वाटेना. "पोरासाठी थांबला तो बाप," त्या म्हणाल्या. "तुमी प्रार्थनेत पिता म्हणता, ते कुणाला म्हणता?"

सत्यमनं तोंड ओंजळीत धरलं.

त्या रात्रीपासून उमाबाईंनी प्रार्थना सोडली. रुसून नव्हे, ठरवून. नवऱ्याला नाही म्हणता आलं, तर आपल्यालाही येईल. रविवारी त्या घरीच राहिल्या. संगमेश्वरकडून आपलं लिंग मागून घेतलं. तो आत गेला आणि घेऊन आला, त्याचे डोळे भरले होते. आईची वाट सापडली, असं त्याला वाटलं असावं. उमाबाई आंघोळ करून पाटावर बसल्या. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर विभूती, बेलाचं पान. बोटांना सगळं आठवत होतं. लग्नाआधीपासून केलेली पूजा ती. डोळे मिटून त्या मनात म्हणाल्या, 'शिवा, मला तिथं ने, जिथं ते दोघं हायती.'

आणि खालून तो हात आला.

त्यांनी डोळे उघडले. त्यांना नको होतं ते. त्या उठल्या, भांडी घासायला बसल्या, जोरजोरात घासत राहिल्या. हात तिथंच होता. ओरडणाऱ्या पोराला आई जशी काही न बोलता धरून ठेवते, तसं. त्यांनी मनातल्या मनात शिव्या दिल्या. ट्रॉली आठवली, केदारच्या फुटलेल्या कवटीवरची पट्टी आठवली, पिवळे डोळे आठवले. 'त्यांना सोडलंस ना? मग मलाबी सोड.' पण ते गेलं नाही. रुद्रप्पांच्या एका शब्दाला ते निघून गेलं होतं. उमाबाईंच्या शंभर शब्दांना ते हलेना.

असं महिनोन्‌महिने चाललं. रोज सकाळी पूजेला बसायच्या, रोज तेच मागायच्या, आणि रोज तीच शांती यायची. दुसऱ्या कुणाला ती मिळाली असती तर त्यानं पेढे वाटले असते. उमाबाई वाळत चालल्या. एके दिवशी संगमेश्वरनं विचारलं, "आई, तू आता आपल्यात आलीस ना? मग अशी सुकल्यावानी का दिसतीस?"

"आले न्हाई रे," त्या म्हणाल्या. "यायला बघते. येऊ देत न्हाई."

त्यांनी ते लिंग त्याच्या हातात परत दिलं. "तू कर ह्याची पूजा. माझ्या हातून दुसऱ्याच देवाची होतीया."

त्या पुन्हा पत्र्याच्या खोलीत जायला लागल्या. दाराजवळ चपलांच्या शेजारी बसतात, भिंतीला पाठ लावून. गाणी म्हणत नाहीत. सत्यम आता निवडीवर बोलत नाही. बोलता बोलता त्याची नजर दाराकडं जाते आणि तो पुढचं वाक्य सोडून देतो. उपासना संपल्यावर नव्या आलेल्या बायका कौतुकानं विचारतात, काकू, तुमी प्रभूकडं कशा आलात? साक्ष सांगा की.

उमाबाई पदर सावरत उठतात, चप्पल शोधतात.

"मी कुठं आले, बाई," त्या म्हणतात. "मला आणलंय."